६०० माणसांच्या पार्टी प्लॉटला कुठले स्पीकर लागतात आणि ते कसे जोडावेत

प्रश्न थोडक्यात असा: वडोदऱ्यात फिरता डीजे चालवणाऱ्या एका तरुणाकडे १२ इंची दोन अ‍ॅक्टिव्ह (एम्प्लिफायर आतच असलेले) स्पीकर आहेत. सोसायटीच्या हॉलमधले वाढदिवस, हळद, साखरपुडे, १००-१५० माणसांची कार्यं त्यावर व्यवस्थित होतात. आता भायली-सेवासीकडच्या पार्टी प्लॉटमधल्या संगीत आणि रिसेप्शनच्या ऑर्डरी येऊ लागल्या आहेत, ५००-६०० माणसं आणि उघडी जागा. तसलेच आणखी दोन घ्यावेत की मोठे टॉप (मधले आणि वरचे स्वर वाजवणारे, उंचावर लावायचे स्पीकर) घ्यावेत, एका एम्प्लिफायरवर किती स्पीकर चालतात आणि लांबच्या अंतराला कुठली वायर वापरावी, असं त्यांनी विचारलं आहे.

मोठे टॉप आत्ता घेऊ नका, आधी बेस (फक्त खालचे स्वर वाजवणारे सबवूफर) घ्या. आणि बेस घेण्याच्याही आधी टेप घेऊन एखादा पार्टी प्लॉट मोजून या. सविस्तर सांगतो.

हॉलमध्ये भिंती आणि छत आवाज परत देतात. दोन स्पीकर लावले की मागच्या खुर्चीपर्यंत आवाज भरल्यासारखा वाटतो, त्यात निम्मं काम खोलीचं असतं. उघड्यावर गेलेला आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो. तुमच्या स्पीकरच्या कागदावर समजा कमाल १२६ डेसिबल लिहिलंय. तो आकडा १ मीटरवरचा असतो आणि तोही क्षणिक टोकाचा. २ मीटरवर १२०, ४ वर ११४, ८ वर १०८, १६ वर १०२. गाण्याची सरासरी पातळी टोकापेक्षा साधारण १०-१२ डेसिबल खाली असते, म्हणजे १६ मीटरवर नाचणाऱ्याला ९० च्या आसपास मिळालं. ३२ मीटरवर आणखी ६ कमी. नाचायला जोर हवा असेल तर फ्लोअरवर सरासरी ९५ ते १०० लागते. स्पीकर सतत टोकावर ओढून हे गणित जुळत नाही.

इथे बहुतेक जण वॅटकडे धावतात. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. १००० च्या जागी २००० वॅटचा स्पीकर आणला तरी अंतराच्या एका दुपटीत जेवढं जातं त्याच्या निम्मंच परत मिळतं. म्हणून कागदावर वॅटच्या आधी सेन्सिटिव्हिटी वाचा, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. ९४ चा एक आणि १०० चा दुसरा कॅबिनेट समोर असेल तर ९४ वाल्याला बरोबरी करायला चौपट वॅट लागतील. पीएमपीओचा (फुगवलेल्या क्षणिक वॅटचा) आकडा छापलेला माल असेल तर तो आकडा वाचूच नका. आरएमएस किंवा कंटिन्युअस (सतत झेपणारे वॅट) काय लिहिलंय तेवढंच धरा.

आता टेपचं काम. पार्टी प्लॉट ४० मीटर लांब असला म्हणून सगळ्या ४० मीटरवर सारखा दणका द्यायचा नसतो. नाच होतो तो स्टेजसमोरच्या १२ बाय १५ मीटरच्या तुकड्यात. त्याच्या मागे गोल टेबलं, त्यामागे जेवणाचे काउंटर. आजी-आजोबा, लहान मुलं, पंगतीत आग्रह करणारे यजमान तिथेच असतात. त्यांना शेजारच्याशी न ओरडता बोलता आलं पाहिजे. मी याला फार महत्त्व देतो. आमच्या धंद्याबद्दल लोकांच्या मनात जी चीड आहे ती बरीचशी या जेवणाच्या भागातल्या आवाजामुळे आहे. फ्लोअरवर भरपूर, टेबलांवर गाणं कळेल इतपत, आणि काउंटरपाशी त्याहून कमी, असा आवाज वाटायचा. माणसं ६०० असली तरी जोराचा आवाज १५० माणसांच्या फ्लोअरपुरताच पुरवायचा आहे, हे लक्षात आलं की खरेदीची यादी बरीच छोटी होते.

बेस आधी का ते सांगतो. नाचाच्या गाण्यातली सर्वांत जास्त ताकद १०० हर्ट्झच्या खाली असते: किक, ढोलाची जाड बाजू, बेसलाईन. १२ इंची टॉप हे सगळं एकटा ओढायला गेला की त्याच्या आतला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा भाग) लागतो आणि किकबरोबर गायकाचा आवाजही दाबला जातो. आवाज धापा टाकल्यासारखा येतो तो यामुळे. १०० हर्ट्झच्या खालचं काम बेसकडे दिलं की तेच टॉप मोकळे होतात, जास्त साफ आणि जास्त मोठे वाजतात. तुमच्या कार्यक्रमाला १८ इंची चार सिंगल बेस किंवा दोन डबल बेस ही माझी शिफारस आहे. टॉप म्हणून १२ किंवा १५ इंची, मोठ्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरचे (वरचे स्वर देणाऱ्या भागाचे) दोन. आणि आत्ता आहेत ते दोन १२ इंची विकू नका. टेबलांच्या भागासाठी मागची जोडी म्हणून ते उत्तम आहेत.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह (बाहेरच्या एम्प्लिफायरवर चालणारे)? चार बेस आणि चार टॉपपर्यंत अ‍ॅक्टिव्हच घ्या. क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारा भाग), लिमिटर, एम्प्लिफायर कंपनीने त्या ड्रायव्हरला जुळवून आत बसवलेले असतात, रॅक उचलायचा नसतो, आणि दोन माणसांत माल लागतो. पॅसिव्हचा फायदा दुरुस्तीत आहे. कॉइल जळली तर रिकोन करून (कोन-कॉइल नवी बसवून) कॅबिनेट परत उभा राहतो, अ‍ॅक्टिव्हचं मॉड्यूल गेलं तर सुटा भाग येईपर्यंत खोळंबा. पुढे सेटअप वाढला की पॅसिव्ह बेस, चांगला एम्प्लिफायर आणि वेगळा डीएसपी (क्रॉसओव्हर, डिले सांभाळणारा प्रोसेसर) याकडे वळा.

नावाजलेल्या मॉडेलच्या हुबेहूब कॉपी कॅबिनेटबद्दलही तुम्ही ऐकलं असेल. मी सरसकट नाही म्हणत नाही, पण दुकानात दोन मिनिटं ऐकून घेऊ नका. अर्धा तास जोरात वाजवून मग परत ऐका. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि त्याच व्हॉल्यूमवर आवाज बसायला लागतो. चांगल्या ड्रायव्हरमध्ये ही घसरण कमी, हलक्यात इतकी की कानालाही कळते. कॅबिनेटच्या बाजूंवर हात ठेवा. प्लाय पातळ असेल किंवा आत आडवे पाट नसतील तर बाजू हाताखाली थरथरतात. ती थरथर म्हणजे तुमचाच वाया गेलेला बेस.

‘लाईन अ‍ॅरे आहे का’ असं गिऱ्हाईक विचारतंच. ती म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरच्या डब्यांची रांग. एका बाजूला दोन डबे टांगले म्हणून लाईन अ‍ॅरे होत नाही. रांगेची लांबी जास्त असेल तरच आवाज लांबवर नेण्याचा तो गुण येतो, आणि तोही वरच्या फ्रिक्वेन्सीत आधी. जेबीएलच्या व्हीआरएक्ससारखा एक डबा उभ्यात फक्त १५ अंश पसरतो. एकटा स्टँडवर लावला तर पुढच्या रांगेच्या डोक्यावरून निघून जाईल. तुमच्या कामाला साधा, आडव्यात ९० आणि उभ्यात ६० अंशांच्या आसपास पसरणारा टॉप जास्त योग्य.

ठेवण्याची जागा. टॉप उंच हवा. साध्या स्टँडवर २ मीटर उंचीला लावला तर २ मीटरवर उभ्या माणसाला आणि १६ मीटरवरच्या माणसाला मिळणाऱ्या आवाजात १८ डेसिबलचा फरक पडतो. पुढचा कानावर हात ठेवतो आणि मागचा ‘वाढव’ म्हणतो. हाच टॉप बेसवर पोल लावून किंवा ट्रसवर (धातूच्या सांगाड्यावर) साडेतीन मीटरला नेला, थोडा खाली झुकवला आणि पहिली रांग ३ मीटर मागे ठेवली तर फरक १३ च्या आसपास येतो, शिवाय पुढची माणसं हॉर्नच्या थेट झोतातून बाहेर राहतात. एक पैसा न खर्चता झालेली ही सुधारणा आहे. फक्त स्टँडचे पाय पूर्ण उघडा आणि वाळूच्या पिशव्या टाका. उघड्यावर वारा असतो, गर्दीत पोरं असतात.

आपल्याकडे एक वेगळी अडचण येते, कारण संगीत शेवटी गरब्यावर जातंच. डीजेपुढचा नाच स्टेजकडे तोंड करून चालतो, गरबा गोल फिरतो. स्टेजच्या दोन टॉपवर गरबा वाजवला तर फेरीतला प्रत्येक जण अर्ध्या फेरीत मोठा आणि अर्ध्या फेरीत पुसट ठेका ऐकतो, आणि पलीकडच्या बाजूला पावलं मागे पडायला लागतात. त्यासाठी ती जुनी १२ इंची जोडी फ्लोअरच्या पलीकडच्या दोन कोपऱ्यांत, आत तोंड करून, स्टेजच्या टॉपपेक्षा कमी आवाजात लावा. नाच नुसता स्टेजसमोरचा असेल तेव्हा हीच जोडी मागे टेबलांकडे वळवा आणि तिला डिले द्या (तिचा आवाज मुद्दाम उशिरा सोडा): १ मीटरला सुमारे २.९ मिलीसेकंद. १८ मीटर मागे असेल तर ५२, त्यात ५ ते १० आणखी घाला, म्हणजे कानाला आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. डिले नसेल तर मागच्या टेबलांवर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. निवेदकाचं बोलणं तिथे कळत नाही, आणि लोक माइकला दोष देतात. गोल गरब्यात मात्र डिले मोजका ठेवा, कारण तिथे माणूस दोन्ही जोड्यांच्या मधून फिरत असतो.

बेस दोन बाजूंना दोन-दोन लावायची पद्धत सगळीकडे आहे. दिसायला छान, ऐकायला नाही. ६० हर्ट्झची लहर ५.७ मीटर लांब असते. १२ मीटर अंतरावरच्या दोन ढिगांतून निघालेल्या लहरी कुठे एकमेकींना जोड देतात, कुठे मारतात. गाणं लावून फ्लोअरच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चालत जा: बरोबर मध्ये छातीत ठोका बसेल, चार पावलं पुढे बेस गायब, पुढे परत येईल. चारही बेस स्टेजच्या मध्यावर, खाली जमिनीवर, एकमेकांना चिकटून ठेवा. सगळीकडे सारखा बेस मिळतो, आणि दोनाचे चार शेजारी-शेजारी केल्यावर ६ डेसिबलची भर पडते. मध्ये वधू-वरांची एन्ट्री असेल तर चारही एका बाजूला ठेवा. नाचणाऱ्याला बेस कुठून येतोय ते कळत नाही, नाही मिळाला तर मात्र लगेच कळतं.

आता जोडणी. अ‍ॅक्टिव्हमध्ये डीजे कंट्रोलरच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) आउटपुटमधून मिक्सर, मिक्सरमधून बेस, बेसमधून टॉप असा क्रम. बेसच्या मागे दोन प्रकारचे आउटपुट असतात: एक आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे देणारा आणि एक खालचं कापून पुढे देणारा. टॉपला कापलेला द्या. मग टॉपच्या स्वतःच्या मेन्यूमधला सब-कट बंद ठेवा. दोन्हीकडे कापलं तर मधला भाग पोकळ होतो आणि ढोल पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. चार बेस असतील तर एकातून दुसऱ्यात मात्र पूर्ण सिग्नल न्यायचा. केबल बॅलन्स्ड (बाहेरची भुणभुण कापणारी) एक्सएलआरच हवी. लांब जॅक केबलवर लाईटच्या डिमरची भुणभुण हमखास चढते. आणि कंट्रोलरचा मास्टर लाल दिव्यात कधीच नको. तिथे फाटलेला आवाज पुढचा कुठलाही लिमिटर सांधून देत नाही, आणि ट्वीटर बहुतेक वेळा अशाच रात्री जळतात.

पॅसिव्हमध्ये ओहमचं गणित. ८ ओहमचे दोन कॅबिनेट समांतर म्हणजे ४ ओहम, तीन म्हणजे २.६७, चार म्हणजे २. कॅबिनेटच्या मागचे दोन स्पीकॉन (स्पीकर केबलचे सॉकेट) आतून जोडलेलेच असतात, म्हणून एकातून दुसऱ्यात ओढलेली प्रत्येक केबल समांतरच धरायची. एम्प्लिफायरच्या मागे प्रत्येक चॅनेलला किमान किती ओहम चालतात ते छापलेलं असतं, त्याच्या खाली जायचं नाही. माझं मत विचाराल तर २ ओहम लिहिलं असलं तरी ४ वर थांबा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तापलेल्या रॅकमध्ये २ ओहमवर एम्प्लिफायर संरक्षणात जाऊन बंद पडतो, आणि तो नेमका वरमाला चालू असताना पडतो. ब्रिज केलात (दोन चॅनेल एकत्र जोडून एक केलात) तर प्रत्येक चॅनेलला निम्मा भार दिसतो: ८ ओहमचा कॅबिनेट ४ सारखा, ४ चा २ सारखा. चार कोअरच्या स्पीकॉनमध्ये १ च्या जोडीवर टॉप आणि २ च्या जोडीवर बेस अशी वाटणी काही जण करतात. तसं असेल तर केबलवर रंगीत टेप लावा, कारण उलट लागली तर बेसचा सगळा जोर हॉर्नवर जातो.

वायरबद्दल. रॅक स्पीकरपासून ३० मीटर लांब असेल तर विजेला ६० मीटर तांब्यातून जावं लागतं. १ चौरस मिमी वायरमध्ये हा रेझिस्टन्स सुमारे १.०९ ओहम होतो, आणि ४ ओहमच्या भारावर स्पीकरला मिळणारी ताकद ३८ टक्क्यांनी घटते. २.५ चौरस मिमीमध्ये ०.४४ ओहम आणि घट १९ टक्के. सर्वांत चांगला उपाय म्हणजे रॅक स्पीकरपाशी ठेवा आणि लांब अंतर एक्सएलआरने कापा. माइकची शिल्डवाली केबल स्पीकरला कधीही लावू नका.

सगळं जोडून झाल्यावर दोन तपासण्या कराच. पहिली पोलॅरिटीची: पॅसिव्ह बेसच्या केबलच्या टोकाला साधा सेल क्षणभर टेकवा, अधिकला अधिक. कोन बाहेर आला पाहिजे. चारांपैकी एक आत जात असेल तर ती वायर उलटी आहे, आणि तो एकटा बाकीच्यांचा बेस खातो. दुसरी तपासणी बेस आणि टॉपच्या मेळाची. फ्लोअरच्या मधोमध उभे राहा. १०० हर्ट्झचा सलग टोन लावा, तोच तुमचा क्रॉसओव्हर असेल तर. आधी एकटा बेस, मग एकटा टॉप ऐकून दोघांची पातळी सारखी करा. मग दोन्ही चालू करून बेसची पोलॅरिटी उलटी करा आणि जो जवळ आहे त्याचा डिले अर्ध्या-अर्ध्या मिलीसेकंदाने वाढवत जा. एका ठिकाणी टोन जवळजवळ नाहीसा होतो. तिथे थांबा आणि पोलॅरिटी सरळ करा. किकचा ठोका लगेच घट्ट होतो. हे पाच मिनिटांचं काम ज्या सेटअपमध्ये होतं तो कमी मालातही मोठा वाजतो.

वीज. इथे कुणाची भीड धरू नका. मंडपवाल्याच्या लाईटच्या पट्टीत पीळ मारलेल्या वायरवर साउंड चालवायचं नाही. पॅनेलमधून स्वतंत्र लाईन, स्वतःचा एमसीबी (जास्त भार आला की तुटणारा स्विच), ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की तुटणारा स्विच), आणि सगळं साउंड एकाच फेजवर, लाईट आणि एलईडी वॉल दुसऱ्यांवर. प्लग लावण्याआधी मीटर लावा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. थ्री फेजमध्ये न्यूट्रल ढिला असेल तर तुमच्या प्लगवर ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात आणि एका क्षणात सगळी मॉड्यूल जातात. जनरेटर सुरू झाल्यावर हेच मोजमाप परत करा, लाईट चालू ठेवून. आणि हम (भुणभुण) येतोय म्हणून अर्थची पिन कापणारा कुणी भेटला तर त्याला मालाला हात लावू देऊ नका. ओल्या लॉनवर माइक हातात घेतलेला माणूस त्या पिनेवर जगतो. हम असेल तर लॅपटॉपच्या ऑडिओ केबलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

शेवटी नियम, कारण पार्टी प्लॉटना सोसायट्या चिकटलेल्या आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ती लग्नाला लागू धरू नका. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि खासगी जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा ५ हून जास्त चालत नाही. हा आकडा फार लहान आहे. म्हणून टॉप कुंपणाकडे नव्हे तर आत वळवून लावा, आणि बेसमध्ये कार्डिऑइड प्रीसेट असेल तर वापरा. त्यात एक कॅबिनेट मागे तोंड करून ठेवतात आणि मागे जाणारा बेस बराच कमी होतो. यजमानांना बुकिंगच्या वेळीच सांगा की संगीत साडेसातला सुरू करायचं. दहाच्या आत अडीच तास मिळतात, आणि ते नाचाला पुरतात.

खरेदीचा क्रम: या हंगामात बेस भाड्याने घ्या. कमुरतां (लग्नाला वर्ज्य मानलेला महिना) संपून संक्रांतीनंतर लग्नं सुटतात तेव्हा मागणी जोरात असते, त्यामुळे आधी सांगून ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे १८ इंची तुमच्याच टॉपखाली, तुमच्याच प्लॉटवर वाजवून बघा. जो आवडेल त्याचे दोन आधी विकत घ्या, दोन भाड्याचे चालू द्या. पुढे त्याच मॉडेलचे आणखी दोन, मग टॉप. वेगवेगळ्या मॉडेलचे बेस एकत्र ढिगात लावू नका, त्यांच्या लहरींचा मेळ (फेज) जुळत नाही. केबल, मीटर आणि आरसीसीबीची पेटी मात्र पहिल्याच दिवशी स्वतःची घ्या.